उठतानाचा आवाज

बौद्धवाडी, आंबेकोंड
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी
८ फेब्रुवारी

चि. अभय,
जयभीम आणि आशीर्वाद.

रसिका म्हणते, बाबा, मोबाईलवर दोन ओळी टाका, दादाला लगेच मिळतील. मी पाटीवर लिहून सांगितलं, जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेला मास्तर अंगठ्याने लिहिणार नाही. म्हणून हा कागद. ती सकाळच्या एसटीने मंडणगडला कामावर जाते. तिथे रेंज आली की फोटो काढून तुला पाठवील. तूही कागदावरच लिही. घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला तेव्हापासून फोनवर तू एकटाच बोलतोस आणि मी नुसता श्वास घेतो. त्याला कोणी गप्पा म्हणत नाही.

तर अभिनंदन. देशाच्या कसोटी संघाचा यष्टीरक्षक आमच्या घरातला आहे हे वाक्य मी पाटीवर लिहून बघितलं आणि बराच वेळ पुसलं नाही. सहा वर्षं तू राखीव कीपर. पिवळं जॅकेट घालून पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत यायचास तेव्हा वाडीतली पोरं टीव्हीसमोर टाळ्या पिटायची आणि मी उठून पडवीत जायचो. परवा तुझ्या डोक्यावर टोपी चढवली तेव्हा शेजारच्या प्रमोदने फटाक्यांची माळ लावली आणि विमलाकाकीच्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत परत आल्या नाहीत. एक्केचाळीस धावा छान केल्यास. शेवटचा फटका मात्र मूर्खपणाचा होता.

आता कामाचं. मी सामना डोळे मिटून ऐकतो हे तुला ठाऊक आहे. स्टंपांतल्या माईकमधून तुझा आवाज येतो, तो मला चेंडूपेक्षा महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी चहापानानंतर तू उठताना आवाज करायला लागलास. प्रत्येक चेंडूला. बारीक, नाकातून. बाकीच्यांना तो ऐकू आला नसेल, पण मी तो ओळखतो. लावणीच्या दिवसांत तुझी आई चिखलातून पाठ सरळ करताना असाच आवाज करायची, आणि विचारलं तर काय नाही म्हणायची.

कुठला गुडघा?

इकडे सर्व ठीक. रसिकाला हाक मारायला मी पितळी पेला जमिनीवर आपटतो. पहिल्या दिवशी विमलाकाकीही धावत आल्या.

तुझा,
बाबा


ख्राइस्टचर्च
१३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं. शेवटचा फटका मूर्खपणाचा होता हे इथल्या कोचनेही सांगितलं, पण त्याने दोन तास घेतले. तुमचं एका ओळीत झालं.

आवाजाचं म्हणाल तर काही नाही. नवे पॅड जरा जड आहेत. दिवसभर बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं, तोंडातून काहीतरी निघणारच.

हे एवढं लिहून कागद बाजूला ठेवला होता. जेवून आलो आणि पुन्हा वाचलं. तुम्ही विश्वास ठेवणार नाही हे मला कळलं. लहानपणी पाटावर बसून खोटं बोललो की तुम्ही नुसतं 'पुन्हा सांग' म्हणायचात, तसं झालं.

उजवा. आतली गादी फाटलीय. संघाच्या डॉक्टरला माहीत नाही. दिवाळीत मुंबईत ओळखीने एकांना दाखवलं, त्यांनी फोटो बघून चष्मा काढला. म्हणाले, आजपासून खाली बसणं बंद. ऑपरेशन कर, वर्षभर थांब, मग बघू. ऐकलं नाहीस तर पुढे साधं चालायचे वांधे होतील.

बाबा, मी एकतीस वर्षांचा आहे. वर्षभर थांबलेल्या एकतीस वर्षांच्या कीपरला कोणी परत बोलवत नाही. माझ्यामागे बावीस वर्षांचा पोरगा आहे, परवा सरावात तो उडी मारून झेल घेत होता आणि हसत उठत होता. त्याचं ते हसणं मला बघवत नाही. धावायच्या चाचण्या मी गोळी घेऊन पार पाडतो. मुद्दाम बसून उठ असं कुणी सांगत नाही. आवाजाचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्हाला ऐकू आला तर उद्या आणखी कुणाला येईल.

मला काय करावं कळत नाही. थांबू का? तुम्ही सांगाल तसं करीन. हे तोंडदेखलं लिहीत नाही.

तुमचा,
अभय


आंबेकोंड
२० फेब्रुवारी

चि. अभय,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र रसिकाने मोठं करून छापून आणलं. मी तीनचारदा वाचलं. दोन कागद लिहिले आणि चुलीत घातले. हा तिसरा.

थांब असं बापाने लिहायला हवं. पण मी तुला एक वेगळी गोष्ट सांगतो. मळ्यातले सामने आठवतात का तुला? भात निघालं की कोरड्या मळ्यात खेळपट्टी चोपायची, आंब्यावर भोंगा बांधायचा आणि मी माईकवर. तो जनरेटर म्हणजे दमेकरी म्हातारा. मधेच धडधडायचा, गुरगुरायचा, आता बंद पडतो की काय असं वाटायचं. मी काय करायचो? तो खोकायला लागला की आवाज चढवायचो. 'आणि हा चेंडू बांधावरून थेट पाटात!' लोकांचं लक्ष माझ्याकडे. जनरेटर आजारी आहे हे दिवसभर कुणाच्या लक्षात यायचं नाही.

तर तू बोल. उठायच्या क्षणी बोल. शब्द आधी सुटू दे, अंग मागून येऊ दे. श्वास सोडताना दुखणं कमी आवाज करतं. गोलंदाजाला काहीही सांग, पण मराठीत सांग, म्हणजे काय बोललास यावर कोणी डोकं चालवणार नाही. कीपरने बडबड करणं हा काही गुन्हा नाही.

एवढं वर्ष काढ. मग ऑपरेशन करू.

तुझा,
बाबा

दादा, बाबांच्या सहीखाली माझ्या दोन ओळी. पत्रं वाचायची नाहीत असं बाबांनी बजावलंय, म्हणून मी न वाचताच फोटो काढते आणि छापून आणते. तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही, दोघंही सांगत नाही. बाबा पंधरा दिवस नुसती पेज पितात, तीही गार करून. दात दुखतो म्हणून लिहून दाखवतात. तू जरा रागव त्यांना. — रसिका


इंदूर
१८ मार्च

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

शतक बघितलंत ना? तुम्ही म्हणाल, नव्वदनंतर घाबरलास. घाबरलोच होतो. पण त्याहून मोठी बातमी तुम्हाला रसिकाने सांगितली असेलच.

तुम्ही बोल म्हणालात, पण बोलू काय? पहिल्या षटकात काही सुचेना. मग आई आम्हाला सकाळी उठवायची ते तोंडात आलं, 'उठा रं, पेज निवली!' आणि काय सांगू, ते वाक्य उठायच्या मापाचंच आहे. 'उठा'ला ढुंगण टाचांवरून सुटतं, 'पेज'ला गुडघा वळतो, 'निवली' म्हणेपर्यंत मी उभा. आवाज त्यात विरघळून जातो. दिवसभर तेच. आता आमचा पंजाबी स्पिनर विकेट मिळाली की धावत येऊन 'पेज निवली पाजी!' म्हणून मिठी मारतो. त्याला वाटतं त्याचा अर्थ शाब्बास असा आहे.

मोबाईलवर तर धुमाकूळ आहे. माझ्या आवाजावर गाणं केलंय. टी-शर्ट निघालेत. कॉमेंट्रीवाले म्हणतात, यष्टींमागे इतका आनंदी माणूस आम्ही पाहिला नाही. ते ऐकून मी बाथरूममध्ये बसून हसलो, आणि मग उठता येईना म्हणून नळ धरून उठलो.

सुई घेतोय आता, सामन्याआधी. बाहेरच्या डॉक्टरकडून. चार तास पाय माझा नसल्यासारखा असतो. तेवढ्या वेळात मी देशातला सगळ्यात चांगला कीपर आहे, बाबा. खरंच आहे. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

दाताचं काय? दापोलीला दाखवून या. पेज किती दिवस पिणार? आमच्या वाक्याची फुकट जाहिरात करता आहात.

तुमचा,
अभय


आंबेकोंड
२२ एप्रिल

चि. अभय,
जयभीम आणि आशीर्वाद.

जयंती थाटात झाली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पोरांनी तुझा फ्लेक्स लावला होता. मी तो जरा बाजूला घ्यायला लावला, तसबिरीखाली कोणी नको. मिरवणुकीत ढोलावर 'पेज निवली' वाजत होतं. तुझी आई असती तर पदर तोंडावर घेऊन बसली असती.

आणि गावाने यंदाच्या सामन्यांच्या उद्घाटनाला मला बोलावलं. आपल्या नव्हे, वरच्या वाडीने. स्टेजवर खुर्ची दिली. तुला हे सांगितलं नव्हतं कधी. मी तिथे माईकवर बोलायचो तेव्हा आवाज माझा चालायचा, पण चहाचा कप मी घरून न्यायचो, पिशवीत घालून. कोणी तसं आण म्हणालं नव्हतं. मीच न्यायचो, म्हणजे कोणाला म्हणावं लागू नये. आता तू म्हणशील, तेव्हा भांडला का नाहीत. भांडलो असतो तर माईक गेला असता.

परवा ट्रेमधून चहा आला. सगळ्यांच्या कपांतलाच एक कप. मी उचलला, एक घोट घेतला आणि तो पुढे जाईना. डोळ्यांत पाणी आलं. मंडळी म्हणाली, मास्तर गहिवरले. फोटोही काढला.

आता तुझ्याकडे येतो. इंदूरनंतरचे दोन्ही सामने मी ऐकले. हल्ली 'उठा'च्या आधी एक श्वास येतो, अडकलेला. आणि तू चेंडू टप्पा पडायच्या आत उठतोस, कारण खाली राहवत नाही. खाली राहणारा चेंडू तुझ्या हाताखालून जातोय. बाइजच्या धावा वाढल्या आहेत. कॉमेंट्रीवाले खेळपट्टीला दोष देतात.

आता पुरे असं लिहायला बसलो होतो. पण श्रीलंकेचा दौरा तोंडावर आहे आणि गावाने तिथला सामना शाळेच्या मैदानात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलंय. तेवढा दौरा होऊ दे. मग मीच तुला थांब म्हणेन.

अक्षर वाईट आलंय. उन्हाळा बाधला असेल. दात बरा आहे.

तुझा,
बाबा


मुंबई, हॉस्पिटल
२७ जून

बाबा,

रसिकाचे इतके फोन आले, मी घेतले नाहीत. तिला सांगा मी जिवंत आहे.

काय झालं ते तुम्ही ऐकलंच आहे, आणि गावाने मोठ्या पडद्यावर बघितलंय. तरी लिहितो, कारण इथे लिहिण्याशिवाय काही करता येत नाही. शेवटचा दिवस. त्यांची एक जोडी उरली होती. आमच्या स्पिनरने तो फलंदाज पार पुढे ओढला, चेंडू वळला, बॅट हुकली. फलंदाज माझ्यापासून इतका लांब होता की चालत जाऊन बेल उडवता आली असती. मी 'उठा' म्हणालो. अंग उठलंच नाही. 'पेज'वर आत काहीतरी तुटलं, बारीक फांदी मोडावी तसं. चेंडू पायांतून सीमारेषेपर्यंत गेला आणि मी ओरडलो. माईकने ते सगळं घेतलं. पुढच्या दोन षटकांत त्यांनी सामना जिंकला.

आता मोबाईलवर नवीन गाणं आहे. 'उठा रं, पेज' आणि मग माझी किंचाळी. लोकांनी त्यावर नाच केलाय.

डॉक्टरांनी गुडघा उघडला आणि सगळं बाहेर आलं. कुठून सुया घेतल्या, किती महिने लपवलं. चौकशी झाली. करार रद्द. मी संघाला फसवलं असं लिहिलंय त्यांनी, आणि ते खरं आहे. तो बावीस वर्षांचा पोरगा मला भेटायला आला होता. रडत होता. मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं.

कीपिंग संपलं. फलंदाजीही. हा पाय आता दुमडत नाही, जिने एकेक करून चढायचे. ऑपरेशन करणारे म्हणाले, दिवाळीत आला असता तर.

मी तुम्हाला विचारलं होतं, थांबू का. तुम्ही म्हणालात, बोल. बोललो.

पुढच्या आठवड्यात घरी येतो. वाडीत कुणाला सांगू नका. आणि मला काही विचारू नका, मला कुणाशी बोलायचं नाही.

अभय


आंबेकोंड, पडवीतून
१९ ऑगस्ट

चि. अभय,

तू आतल्या खोलीत आहेस आणि मी पडवीत. तरी पत्र लिहितोय. घरात दीड महिना झाला, तुझ्या तोंडातून रसिकाला 'हो' आणि 'नको' एवढंच निघालं. मला तेही नाही. या घरात मुका एकच होता, आता दोन झाले. प्रमोद दारावरून परत जातो. रसिका कामावरून येते आणि कोणाशी बोलावं कळेना म्हणून विमलाकाकीकडे जाऊन बसते.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. तू एकतीस वर्षांचा असलास तरी तू मला विचारलं होतंस, आणि मी बाप म्हणून उत्तर दिलं नाही. माझा आवाज गेला होता, अभय. तुझा आवाज टीव्हीवरून गावाला ऐकू यायचा तो मला माझाच वाटायचा. वरच्या वाडीतल्या घराघरांत तुझी आई सगळ्यांना पेजेला उठवत होती. त्यापुढे मला तुझा गुडघा दिसला नाही. दिसला होता. ऐकू आला होता, सगळ्यांत आधी मलाच. तो मी विकला. याची माफी मागत नाही, कारण माफीने पाय दुमडणार नाही.

दुसरी गोष्ट. दात दुखत नव्हता. गळ्याला पुन्हा गाठ आलीय, माघापासून. गिळताना काचा गिळल्यासारखं होतं. स्टेजवरचा तो चहा गहिवरून अडकला नव्हता. रसिकाला न सांगता चिपळूणला दाखवून आलो, त्यांनी रिपोर्ट मुंबईला पाठवले, मुंबईच्यांनी ते वाचून आता घरीच राहा म्हटलं. आता चिरण्यासारखं काही उरलेलं नाही.

तू म्हणशील, इतके महिने कसं लपवलंत. मला काही करावंच लागलं नाही. तुला दुखलं की तुझा आवाज जगभर जायचा म्हणून आपण एवढी नाटकं केली. माझ्या दुखण्याला आवाजच नाही. मी इथे पडवीत तोंड उघडून ओरडतो आणि रसिका शेजारी बसून तांदूळ निवडत असते. तिला वाटतं, बाबांना जांभई आली.

मला तुझ्याकडून एकच हवंय. तू भिंत धरून उठतोस तेव्हा ओठ चावतोस. अजून कोण ऐकणार आहे तुझं? इथे माईक नाही. आता उठताना काही बोलू नकोस. दुखतं तेवढं कण्ह, ओरड, शिव्या दे. मी ऐकेन. ऐकायचं तेवढं माझं अजून शाबूत आहे.

बाबा


आतल्या खोलीतून
त्याच दिवशी

बाबा,

रसिकाने तुमचा कागद आणून दिला आणि दारातच उभी राहिली. तिला वाचायला दिला. ती आता मागच्या दारी बसून रडते आहे, तुम्हालाही ऐकू येत असेल.

मी तुमच्यावर चिडलेला आहे. उद्याही असेन. तुम्ही मरायला टेकला आहात म्हणून तो राग जाईल असं मला वाटत नाही, आणि खोटं लिहून आता काय मिळवायचंय?

पण जांभईचं वाचलं आणि माझ्याने बसवेना. दीड महिना या दारातून मी तुम्हाला तोंड उघडताना बघत होतो. मलाही जांभईच वाटली.

तुमचा पितळी पेला रसिकाने घासायला मोरीत नेऊन ठेवला होता. तिच्याबरोबर तो तुमच्याकडे पाठवतो आहे. तो उशाशी ठेवा. रसिकाला हाक मारायला नाही. दुखलं की वाजवा. दिवसातून कितीही वेळा. पोचा पडला तरी चालेल.

मला यायला वेळ लागेल. आधी भिंत धरायची, मग डावा पाय, मग हा. पण मी निघालोय हे तुम्हाला तिथे पडल्यापडल्या कळेल. उठताना माझा आवाज ऐकू येईल.

अभय